पिशवीची मागची बाजू

घटक, वजनाच्या उतरत्या क्रमाने:

कोंबडीचं मांसचूर्ण

सोळा काचा स्वच्छ निघाल्या होत्या. सतरावी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून तिनं डोळा टेकवला आणि चाकावरचं बोट तिथंच थांबलं.

तपकिरी कण होते. ते असणारच, कोंबडीचं मांस शिजवून, वाळवून, दळलं की विटेच्या भुकटीसारखं दिसतं. हाडांचे दुधी तुकडे होते. तेही असणार. पण त्यांच्या मधोमध धागे होते. पिंजलेल्या सुतळीसारखे, एकमेकांत अडकलेले, निळसर धागे.

"ताई, उतरवायला घेऊ का माल?" मुकादम दारात उभा होता. बुटांना धूळ असते म्हणून हा हमालांचा मुकादम कधी आत यायचा नाही, चौकटीला टेकूनच बोलायचा. "वर टाकीत तासाभराचंच उरलंय. मॅनेजरसाहेब माझ्या डोक्यावर बसलेत."

"बसू द्या थोडा वेळ."

"मला काय, बसू दे. पण यंत्र बसलं म्हणजे?"

 तिनं काच पुसली, त्याच नमुन्यातली दुसरी चिमूट ठेवली. पुन्हा धागे.

कारखाना कुत्र्यांच्या कोरड्या खाण्याचा. पिशवीच्या पुढच्या बाजूला तुकतुकीत केसांचा एक कुत्रा जीभ काढून बसलेला. मागच्या बाजूला घटकांची यादी. पुढचा कुत्रा चित्रकाराचा, मागची यादी माझी, असं ती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गेटातून आत येणारा प्रत्येक माल तिच्या काचेखालून जायचा. यादीत जे लिहिलं आहे तेच पोत्यात आहे, असं तिनं सही करून सांगितल्यावरच पोत्यांची तोंडं उघडायची. सूक्ष्मदर्शकाला कारखान्यात सगळे दुर्बीण म्हणत आणि तिला दुर्बीणताई. दुर्बिणीतून लांबचं दिसतं, हे यंत्र वेगळं, असं तिनं सुरुवातीला सांगून पाहिलं. मग सोडून दिलं.

आजच्या गाडीचा कागद समोर होता. सगळे रकाने भरलेले. ओलावा, पास. राख, पास. प्रोटीन, शंभरात सहासष्ट, पास. शेवटचा रकाना 'डोळ्यांनी तपासणी'. तो कोरा.

सतरावा नमुना खरं तर तिनं काढलेलाच नव्हता. नियम असा की गाडीत जितकी पोती, त्यांचं वर्गमूळ काढायचं, त्यात एक मिळवायचा आणि तितके नमुने चारी बाजूंनी घ्यायचे. दोनशे छप्पन पोती म्हणजे सतरा नमुने. पण दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा धरला, तेव्हापासून ती चारी बाजू करत नसे. गाडीच्या डाव्या अंगाला लोखंडी शिडी पक्की बसवलेली होती; तिच्यावर उभं राहून हात पुरेल तिथवर पोकळ सळई खुपसायची आणि उतरायचं. नमुन्याच्या पुडीवर बाजू लिहावी लागत नसे. आज सोळा काढून ती खाली उतरली, गुडघ्यातून कळ गेली, आणि तेवढ्यात उजवीकडच्या एका पोत्याला फोर्कलिफ्टचं टोक लागून ते फाटलं. जमिनीवर ढीग झाला. चला, तेवढंच चढणं वाचलं, म्हणून तिनं त्या ढिगातली मूठ पुडीत भरली आणि वर लिहिलं, सतरा.

आता ती पुडी समोर होती.

बारीक चिमट्यानं तिनं आठ-दहा धागे वेचले, चिनीमातीच्या वाटीत टाकले, आणि वाटी भट्टीत सरकवली. मांस जळलं की काळं होतं, मग करडं, शेवटी पांढरं. तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही. वाटी बाहेर काढली तेव्हा तळाला फिकट हिरवी राख होती, पाण्याच्या टाकीत धरते त्या शेवाळाच्या रंगाची.

चामडं. बुटांसाठी कमावलेलं चामडं तासतात, त्याचा भुसा. कमावताना घातलेला क्षार राखेत असा हिरवा उतरतो.

यंत्रानं त्याला पास केलं होतं, कारण यंत्र नायट्रोजन मोजतं आणि त्यावरून प्रोटीनचा आकडा सांगतं. तो नायट्रोजन कोंबडीच्या छातीतला की बुटाच्या टाचेतला, यंत्राला सोयरसुतक नाही. कुत्र्याच्या पोटाला आहे. तो वाडगा चाटूनपुसून खाईल आणि महिन्याभरात त्याच्या बरगड्या मोजता येतील. पोटभर खाऊन उपाशी. शिवाय तो क्षार.

खिडकीबाहेर गाडीच्या बोनेटला टेकून, इस्त्रीचा सदरा घातलेला एक माणूस उभा होता. त्यानं मान वर केली. ती दिसताच हसला आणि हातानं खूण केली, झालं का?

तो तिचा धाकटा दीर होता.

मका

कारखान्यात हे नातं कुणाला ठाऊक नव्हतं. तो तिला 'वहिनी' म्हणे, पण वहिनी तर जगात सगळेच म्हणतात. गाडी नव्या फर्मच्या नावावर, आणि ती फर्म त्याची, एवढंच तिनं सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

नवरा गेला तेव्हा हा दीर तेवीस वर्षांचा होता. लग्न ठरलेलं पुढं ढकललं त्यानं, एकदा नाही, दोनदा. ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला आणि पहिल्याच महिन्यात वहिनीला सायकलच्या मागं बसवून या गेटापाशी घेऊन आला. झाडूचं काम होतं. "सुरुवात कुठूनही झाली म्हणून काय झालं," तो तेव्हा म्हणाला होता, "तुम्ही हुशार आहात, ते लपून राहणार नाही." राहिलं नाही. त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. अजून सगळे एकाच घरात, एकाच चुलीवर.

आणि शिकवलं तिनंच.

चार महिन्यांपूर्वी त्यानं दुसऱ्या एका कारखान्याची पिशवी घरी आणून ओट्यावर आपटली. "वहिनी, वाचून दाखवा. मला यात पडायचंय म्हणजे कळायला नको?"

तिला कोण आनंद झाला. बावीस वर्षांत घरात कुणी तिच्या कामाबद्दल विचारलं नव्हतं.

"हे बघा, पहिला घटक 'ताजी कोंबडी'. वाचून बरं वाटतं ना? फसू नका. ताज्या मांसात पाणीच जास्त. शिजून वाळली की ही पहिल्या नंबरावरून घसरत पार चौथ्यावर जाईल. त्यापेक्षा मांसचूर्ण लिहिलेलं बरं, त्यातलं पाणी आधीच गेलेलं असतं. नुसतं 'मांसजन्य पदार्थ' लिहिलं, प्राणी कोणता ते नाही, तर पिशवी तिथंच ठेवायची."

"आणि हा मका?"

"मका बघा हं. इथं मका, त्याच्या खाली मक्याचं पीठ, त्याच्या खाली मक्याचा ग्लूटेन. तीन वेगळी नावं, म्हणून प्रत्येकाचं वजन थोडं आणि कोंबडी वर राहते. तिघांना एकत्र करा, मका सगळ्यांच्या डोक्यावर बसेल."

"म्हणजे आपल्या चुलत्यांसारखं," दीर म्हणाला. "एकेकटे भेटले की गरीब गाय. तिघं एकत्र आले की घर त्यांचं."

जाऊ हसता हसता खोकली. तीही हसली. हसण्याच्या भरात मग पुढचंही सांगून टाकलं. यंत्र काय मोजतं. त्याला काय कळत नाही. नमुने किती घेतात, कसे घेतात. गुडघ्याचं तर घरात सांगायची गरजच नव्हती. तेल तोच आणून देत असे.

फोन वाजला. जाऊ.

"ताई, झाला का हो पास? हे उचलत नाहीत. सकाळी काही न खाता गेलेत. मला नुसतं पास का नापास एवढं सांगा, मी ठेवते."

"अजून बघतेय."

"काही अडलंय का?"

"बघतेय म्हटलं ना."

 "बरं," जाऊ म्हणाली. "तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही. त्यांनी ट्रकची नोकरी सोडली तेव्हासुद्धा मी हेच म्हटलं, आत ताई आहेत."

फोन ठेवल्यावर तिनं पुडी उचलली, खिशात घातली आणि सळई घेतली. एका पोत्यावरून गाडी नापास होत नाही. फाटक्या पोत्यात बाहेरचं काही मिसळलं असेल. फोर्कलिफ्टच्या टोकाला काही लागलेलं असेल. कुणाचा बूट असेल. उजव्या बाजूनं चढून बघायला हवं होतं, आणि बघेपर्यंत तिनं स्वतःला दुसरं काही म्हणू दिलं नाही.

तांदळाची कणी

उजव्या अंगाला शिडी नव्हती. भिंतीशी कणीची पोती रचलेली होती. तिनं मुकादमाकडून दोन उचलून गाडीला लावून घेतली. वर पाय ठेवला.

"वहिनी!" दीर गाडीला वळसा घालून आला. "इकडून कशाला? शिडी तिकडं आहे."

"माहीत आहे, भाऊजी."

"गुडघ्याचं काय मग? आणि नमुने तर झाले ना घेऊन?"

"झाले. परत घेते."

"कशाला?"

त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. ऊन फारसं नव्हतं. तिनं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

गुडघा वाकवला तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकले. पोत्याच्या कानाला धरून ती वर ओढली गेली, पोटावर पडली, उठली. पहिल्या पोत्यात सळई घातली, फिरवली, काढली, तळहातावर झटकली. एकदा ओळख पटली की भिंगाची गरज लागत नाही. निळसर. दुसरं पोतं, निळसर. त्याच्या खालच्या थरातलं, तेही. ती गुडघ्यावर सरकत डावीकडे निघाली. पोतं, सळई, तळहात. पोतं, सळई, तळहात. गाडीच्या मध्याच्या थोडं अलीकडेच तळहातावरची भुकटी तपकिरी झाली. पुढचं पोतंही तपकिरी. पुढची सगळी स्वच्छ.

ती मागे फिरली. पुन्हा त्या दोन पोत्यांच्या मधोमध आली. इकडं स्वच्छ, तिकडं निळं, जणू दोरी ताणून रेघ मारलेली. तिथून तिनं डावीकडच्या शिडीकडे पाहिलं. शिडीवर उभं राहून, गुडघा न वाकवता, सळई धरलेला हात जिथवर येतो, तिथवर माल चोख होता.

कुणीतरी तिच्या हाताची लांबी मोजली होती.

दीर वर चढून आला. तिच्यासमोर उकिडवा बसला. खालून हमाल बघत होते, म्हणून दोघंही हळू बोलले.

"किती घातलंय?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"भाऊजी."

त्यानं सदऱ्याच्या बाहीनं ओठ पुसला. "शंभर पोती. त्यातही शंभरात पंधरा. जास्त नाही."

"शंभरात पंधरा."

"आकडा पास आहे ना? तुम्हीच म्हणालात, यंत्राला—"

"मी कशासाठी म्हटलं होतं?"

 तो भडाभडा बोलला. "कोंबडीवाला ऐनवेळी फिरला. माल कमी दिला, गाडी पुरी भरेना. आज गाडी लागली नसती तर वर्षाचं काम हातातून गेलं असतं, नोकरी तर आधीच सोडलीय. एकदाच, वहिनी. पुढच्या खेपेला तुम्ही दहा बाजूंनी चढा, मी पायरी होऊन उभा राहतो."

"आणि ही खेप कोण खाणार?"

"कुत्रा आहे हो! माणसाचं असतं तर मी हात तरी लावला असता का? आपल्या घरात मी कधी..."

"कुत्र्याला मागची यादी वाचता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर मला ठेवलंय."

खाली मुकादमानं हाळी दिली, "ताई, अर्धा तास राहिला हो!"

"मी इकडून चढले असते तर? हा विचार नाही आला?"

"तुम्ही चढणार नव्हता." त्यात टोमणा नव्हता. घरच्या माणसाला असते तशी खात्री होती, आणि तीच तिला जास्त लागली.

"बावीस वर्षं—" तो म्हणाला, आणि थांबला.

"बोला की. थांबलात का?"

त्यानं मान हलवली. "नाही. ते मी नाही बोलणार."

ती वाट बघत राहिली. तो बोलला असता तर सोपं झालं असतं. पण तो खरोखरच बोलला नाही. हात पुढं केला, उतरायला. तिनं तो धरला, कारण दुसरा उपाय नव्हता. गुडघा भरून आला होता. कणीच्या पोत्यावरून त्यानं तिला जपून खाली घेतलं, जसा दोन वर्षं घराच्या पायरीवरून घेत होता.

कोंबडीची चरबी

मॅनेजर चरबीच्या टाकीपाशी सापडला. टाकी गरम असते. तिथला वास कपड्यांतून दोन धुण्यांनी जातो.

"नापास. डावी बाजू चोख, उजवीकडच्या पोत्यांत चामड्याचा भुसा," तिनं सांगितलं.

"ताई, चेष्टा नको."

तिनं खिशातल्या पुडीतली चिमूट तळहातावर घेऊन पुढं केली. त्यानं बोटानं भुकटी पसरली, वास घेतला, उजेडाकडे धरली. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला दिसलं, आणि दिसल्यावर तो आणखी घाईला आला.

"डावीकडची पोती चोख आहेत म्हणता ना? मग तेवढी घालू. उजवीकडची परत. तुमचंही राहिलं, माझंही राहिलं."

"एकच गाडी, एकच नंबर आहे. मधल्या थरात कुठलं पोतं काय आहे, सगळी फोडल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

"किती वेळ लागेल?"

"संध्याकाळपर्यंत."

"माझ्याकडे वीस मिनिटं आहेत!" त्यानं यंत्राकडे हात केला. पीठ शिजवून, दाबून, दाणे पाडणारं ते लांबलचक यंत्र जमिनीला थरथरवत चाललं होतं. ते मध्येच उपाशी राहिलं की आतलं पीठ दगड होतं. मग एक अख्खी पाळी पहारी आणि छिन्न्या घेऊन ते फोडत बसायचं. "आणि खरं सांगू? खातील हो कुत्रे. वरून ही गरम चरबी फवारली की लाकडाचा भुसासुद्धा खातील."

"खातील," ती म्हणाली. "तेच तर."

मॅनेजरनं चष्मा काढला. "सोळा नमुने पास आहेत. तुमच्याच हातचे. सतरावा त्या फाटक्या पोत्याचा, जमिनीवरचा. जमिनीवरचा नमुना धरायचा नाही, असा नियम आहे. मी नियमातच बोलतोय."

तो नियम खरा होता. ती त्यावर उभी राहू शकली असती. कुणी बोट दाखवलं नसतं. घरी जावेनं दारातच विचारलं असतं आणि तिनं हो म्हटलं असतं.

"ते सोळा मी एकाच बाजूनं घेतले," ती म्हणाली. "दोन वर्षं एकाच बाजूनं घेतेय. तेही नियमात नाही."

मॅनेजरनं चष्मा पुन्हा चढवला. "हे मला कशाला सांगताय?"

"कागदावर लिहिणार आहे."

अठरा मिनिटांनी टाकी रिकामी झाली. जमिनीची थरथर थांबली. लांब, प्रयोगशाळेच्या शेल्फावर काचा किणकिणत असायच्या, त्याही गप्प झाल्या. आठ माणसं भिंतीशी टेकवलेल्या पहारी उचलून यंत्राकडे निघाली. त्यांतला एक तिच्याजवळून जाताना म्हणाला, "दुर्बिणीतून आज आमच्या हातांचे फोड पण बघा, ताई."

ती म्हणाली, "बघीन."

बीटचा चोथा

नापास मालाचा कागद गुलाबी असतो. वर्षाकाठी दोन-तीनच लागतात म्हणून तो खणाच्या तळाशी होता. तिनं भरायला घेतला. मालाचा प्रकार. पोत्यांची संख्या. कारण: कमावलेल्या चामड्याचा भुसा, राख हिरवी. पुढं शेरा. तिथं तिनं लिहिलं की नमुने फक्त डाव्या बाजूनं घेतले जातात हे माल भरणाऱ्याला ठाऊक होतं, आणि ते तपासणाऱ्या बाईकडूनच कळलेलं होतं.

शेरा संपला. खाली एक अरुंद रकाना होता. 'पुरवठादाराशी नातं असल्यास.'

मॅनेजर खुर्चीच्या मागं उभा होता. तिनं पेन टेकवलं तेव्हा त्याला आधी कळलं नाही. मग त्यानं वाचलं.

"दीर?"

"हो."

"सख्खा?"

"सख्खा."

 "नापासच करताय ना? मग हे कशाला? नातं असलं काय, नसलं काय."

"पास केलं असतं तर लिहावं लागलं असतं का?"

"तुमची मागची प्रत्येक सही वरचे लोक उकरून काढतील, ताई. दोन वर्षांची. ही खुर्चीसुद्धा राहील का, सांगता येत नाही."

"उकरू देत. त्यातल्या काही उकरायलाच हव्यात."

 अक्षर नीट वाचता येण्यासारखं आलं होतं. तिनं शाई वाळू दिली.

मीठ

गुलाबी कागदावर पुरवठादाराची सही लागते. दीर आत आला. बूट दाराबाहेर काढून आला.

ती उठली नाही. कागद त्याच्याकडे फिरवला आणि जागेवर बोट ठेवलं. तो वाकला. त्यानं सगळा कागद वरपासून वाचला, शेरा दोनदा वाचला. मग बोटाच्या थोडं वर, अरुंद रकान्यातल्या 'दीर' या शब्दावर त्याची नजर अडली. 

"हे राहू दिलंत?" तो म्हणाला.

"आहे ते लिहिलं."

त्यानं सही केली. पेनला टोपण लावलं, कागदाला समांतर ठेवलं. जाताना 'वहिनी' म्हटलं नाही.  दाराबाहेर बूट घालायला त्याला वेळ लागला. नाडी सुटली होती.

कृत्रिम रंग: नाही

भरलेली गाडी गेटातून उलटीच काढावी लागते. अंगणात वळायला जागा नाही, आणि गेटाच्या एका खांबाला कितीतरी गाड्या घासून गेलेल्या. मागं उभं राहून हात दाखवायला एरवी मुकादमाचा माणूस असतो. आज सगळे पहारी घेऊन आत होते. लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज अंगणात येत होते.

दीरानं गाडी चालू केली. आरशात पाहिलं. मागं कुणी नव्हतं. त्यानं गाडी बंद केली. पुन्हा चालू केली.

ती लंगडत बाहेर आली, गाडीला वळसा घालून मागं गेली, आणि आरशात दिसेल अशा बेतानं उभी राहिली. हात वर केला.

"येऊ द्या," ती ओरडली.

गाडी हळूहळू मागं यायला लागली. ती तितकीच मागं सरत होती, एकेक पाऊल, दुखरा पाय आधी.

"येऊ द्या... डावीकडं घ्या थोडं. अजून. खांब आहे, खांब आहे! हां. आता सरळ. येऊ द्या, भाऊजी, येऊ द्या."

खांब वीतभर अंतरावरून गेला. मागची चाकं रस्त्यावर आली. मागून एक सायकलवाला येत होता; तिनं दुसऱ्या हातानं त्याला थांबवलं.

"बास!" तिनं गाडीच्या फळीवर दोनदा थाप मारली.

गाडी थबकली, रस्त्याकडे तोंड वळवून पुढं निघाली. सायकलवाला एक पाय टेकून उभा होता. "जाऊ का, बाई?" त्यानं विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

गाडी रस्त्याच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली, तेव्हा तिनं हात खाली घेतला आणि त्याला जाऊ दिलं.